चाळीसला येणारा आवाज

फेरीबोट पलीकडे, जयगडला. यायला पाऊण तास.
तवसाळच्या जेट्टीवर चार गाड्या साइड स्टँडवर कलंडलेल्या
आणि चौघांची मिळून सात मतं.

चाळीसला येतो, मी म्हटलं. हेदवीपासून.
पस्तीसला नाही, पन्नासला नाही,
बरोब्बर चाळीसला,
रागावलेल्या माणसाने बशीत चमचा ठेवावा तसा.

पोपट मगदूम, इचलकरंजी. जन्म यंत्रमागात गेलेला.
आवाज ऐकायचा तर आधी डोळे मिटतो.
"टॅपेट हाय ताई. लिहून घ्या.
आमचा माग असाच बोलायचा, आन् मग धोटा उडायचा."

हमदुले डॉक्टर चिपळूणचे, गुराढोरांचे.
इंजिनाला त्यांनी हात लावला
तो गाभण म्हशीला लावतात तसा, जरा थांबून.
टायमिंग चेन, म्हणाले. आणि तेल कधी बघितलंत?
अहो तापलेलं नाही बघायचं.
गाडी सरळ उभी करा, निवू द्या, मग काच बघा.
साइड स्टँडवर बघितलेलं तेल म्हणजे
मालकाने सांगितलेलं दूध.

वसईची ग्लोरिया तुस्कानो तर जेट्टीवर आडवीच झाली,
तिच्या केसांत सुकटीचा चुरा.
खालून ओरडली, सायलेन्सरचा पत्रा!
मग, काकू, ही चेन बघ, मीठ बसलंय सगळं.
समुद्राकाठी रोज रात्री पुसायची. रॉकेल चालेल, डिझेल चालेल,
पेट्रोल नको, आतली रबरं खातं ते.
मी हो हो म्हटलं.
मला किणकिणीचं पडलं होतं.

मग विषय घसरला, जसा वाळूवर पुढचा ब्रेक मारल्यावर घसरतो.
क्लचची जादा केबल आधीच जुनीला बांधून ठेवावी की डब्यात,
गुडघ्याला तेल कुठलं,
वेळणेश्वरच्या खानावळीत मगदूमने सोलकढीच्या किती वाट्या प्यायल्या
(अकरा. तो नऊ म्हणतो.)
डॉक्टरांची बायको गाडीला सवत म्हणते का,
तर नाही, म्हैस म्हणते.

तिकिटं फाडणारा पोरगा केव्हापासून शेजारी उभा,
हातात पावतीपुस्तक, तोंडात बोर.
म्हणाला, काकी, मघाशी आलात ना उतारावरून,
इंजान नाय वाजत. तुमच्या चाव्या वाजतायत.

सगळे गप्प.
बोराची बी पाण्यात पडली.

जुडगा खरंच मोठा. घर, कपाट, लॉकर,
पतपेढीच्या तिजोरीची एक. मी निवृत्त झाले त्याच महिन्यात
त्यांनी कुलूप बदललं, चावी कुणी मागितली नाही.
एक लहान पितळी, कशाची ते मलाही ठाऊक नाही,
पण काढून टाकावी तर
नेमकं दुसऱ्या दिवशी तेच कुलूप समोर यायचं.
चाळीसला हँडल थरथरतं
आणि अठ्ठावीस वर्षांची नोकरी पत्र्यावर वाजते.

मगदूमने डोळे उघडले. "टॅपेट पण असंलच थोडं," म्हणाला.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढून
त्याने चाव्या आवळल्या, मुंजीत मुलाला बसवतात तशा, गप्प.

फेरीत गाड्या दोरीला बांधल्या. खाडी ओलांडली.
रात्री जयगडला सुरमई, आणि चेन पुसायची राहिली.

सकाळी मालगुंडच्या अलीकडे, सुरूच्या झाडांखालून,
चाळीस.
काही नाही. केवढी शांतता. मला वाटलं गाडी नवीन झाली.
मग त्या शांततेत, खालून, मागच्या चाकापासून
बारीक, कोरडं, पिल्लाच्या ओरडण्यासारखं
चीं. चीं. चीं.

हात वर केला. सगळे थांबले.
मगदूमने न सांगता डोळे मिटले. "हां. ह्यो खरा."
ग्लोरिया काहीच बोलली नाही,
याच्याइतकं मोठं बोलणं नाही.

डिझेल मगदूमच्या बाटलीतलं.
चिंधी माझ्या जुन्या परकराची.
गाडी मोठ्या स्टँडवर चढवून मी चाक फिरवत बसले, एकेक कडी,
काळं पाणी गळत होतं, वर कावळे.
आणि घासायला ब्रश डॉक्टरांनी दिला, दातांचा, जवळजवळ नवा.
कुणाचा, विचारलं.
डॉक्टर समुद्राकडे बघायला लागले.